चौदा आडवा, चौदा उभा

रविवारचं मोठं शब्दकोडं मी बॉलपेननं सोडवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जो घोळ झाला त्याचं मूळ तिथं आहे. बायको कैक वर्षं सांगतेय, पेन्सिल घ्या, खोडता येतं. पण पेन्सिल हातात आली की माणूस काहीही लिहायला लागतो. पेन असलं की जरा थांबतो, विचार करतो. निदान माझी तशी समजूत होती.

माझं कन्ना चौकाजवळ डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, नाव बदलल्याच्या जाहिराती, कोर्टाचे कागद. सव्वीस वर्षं झाली. मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही टाइप करून मिळतं. उर्दूचं काम आलं की विजापूर वेशीकडं एक ओळखीचा आहे, त्याच्याकडं पाठवतो. दिवसभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करायच्या हाच धंदा. 'आशीर्वाद'मधला रफार 'वा'च्या डोक्यावर आहे असा मजकूर महिन्यातून एखादा येतो, आणि तो घेऊन येणारा हमखास निवृत्त मास्तर असतो. अशा माणसाला कोड्यात कोण अडवणार, ही घमेंड मला होतीच.

त्या रविवारी नेमका नळाला पाणी यायचा दिवस. सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको, पाण्याचा दिवस म्हणजे सकाळ गेली. पिंप भरता भरता ओट्याला टेकून मी अर्धं कोडं उरकलं. अकरा बाय अकराची चौकट. रोजच्या कोड्यात 'सूर्य (२)', 'जंगल (२)' असलं समानार्थी शब्दांचं काम असतं, चहा संपायच्या आत संपतं. हे कोडं तसलं नव्हतं. याचे क्लू तिरके होते. डोळा एकीकडं, नेम दुसरीकडं.

एक सोपा सांगतो. नऊ आडवा : 'उलटसुलट कसाही, चहा असाच हवा (३)'. मी 'गरम' लिहिणार होतो. पण 'उलटसुलट' हा शब्द कोडं रचणारा उगाच खर्च करत नाही. त्याला जागा मोजून मिळते, लग्नपत्रिकेतल्या मामांच्या नावांसारखी. गरम उलटं केलं की 'मरग', त्याला काही अर्थ नाही. म्हणजे दोन्हीकडून वाचला तरी तोच राहणारा शब्द पाहिजे. कडक. सोलापूरच्या माणसाला हा शब्द चहाच्या आधी भाकरीवरून सुचायला हवा होता, पण असो.

आता यात एक गंमत आहे, ती नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मराठीत उलटं वाचायचं ते अक्षराअक्षरानं. 'नवीन' उलटा केला तरी नवीनच, कारण 'वी' आपल्या वेलांटीसकट एका घरात बसतो. इंग्रजी कोड्याच्या घरात सव्वीसांपैकी एक लेटर येतं, संपलं. आपल्याकडं व्यंजनं ३४. त्यांची बाराखडी मांडली की ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ झाली, आणि यात सुटे स्वर आणि जोडाक्षरं धरलेलीच नाहीत. त्यामुळं एकाच घरातून आडवा आणि उभा असे दोन शब्द न्यायचे तर नुसतं व्यंजन जुळून भागत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं जुळावं लागतं. मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त दिसतात ते त्यामुळंच. रचणाऱ्याला दोन्हीकडं चालणारं अक्षर सापडलेलं नसतं, मग तो तिथं काळं फासून पुढं जातो.

आणि कधी कधी काळं फासायच्या ऐवजी डोळे मिटून पुढं जातो. एक आडवा होता : 'ताकात आणि आकाशात (२)'. वा! मी ओट्यापाशी एकटाच म्हणालो. ताक घुसळायची ती रवी आणि उगवतो तो रवी. बायकी एक, पुरुषी एक, शब्द तोच. असा क्लू सुचायला माणूस स्वयंपाकघरातही गेलेला पाहिजे आणि शाळेतही. लगेच दोन उभा : 'मोट इथे बुडते, बैल वर राहतो (३)'. विहीर, दुसरं काय? लिहायला गेलो आणि पेन अडलं. रवीतला 'वी' दुसरी वेलांटी. विहिरीचा 'वि' पहिली. घर एकच. मी त्या घरात नुसता 'व' काढला, वेलांटी राहू दिली आणि पिंप भरलं म्हणून नळाकडं गेलो. त्या 'व'कडं परत येऊ.

दुपारपर्यंत खालचा उजवा कोपरा सोडला तर कोडं भरलं होतं. त्या कोपऱ्यातही कडेचे शब्द पटापट आले. पंधरा उभा, 'लावणी सोडून कीर्तनाला उभा राहिलेला सोलापूरकर (४)'. रामजोशी. गावचा माणूस, तो कसा अडेल! तमाशाच्या फडात गाजलेले हे गृहस्थ पुढं कीर्तनकार झाले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी लोकांच्या कानांवर घातल्या. मोरोपंत म्हणजे तर अक्षरांशी खेळणाऱ्यांचे आजोबा. त्यांचं एक निरोष्ठ रामायण आहे, ज्यात ओठाला ओठ लागेल असं अक्षरच नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म सगळे हद्दपार. आता 'राम' या शब्दातच 'म' आहे. रामायण सांगायचं आणि राम म्हणायचं नाही! आमच्या अकरा बाय अकराचं काय कौतुक सांगायचं मग.

अठरा उभा, 'बंद मोजून घातलेला अंगरखा (४)'. बाराबंदी. हाही घरचाच शब्द. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला या, रस्ता पांढऱ्या बाराबंद्यांनी भरलेला असतो आणि त्यांच्यावरून नंदीध्वज डुलत येतात. पुण्यामुंबईच्या वाचकाला इथं घाम फुटला असेल, मला एक मिनिटही लागलं नाही.

तेवीस आडवा बाराबंदीच्या 'दी'पासून निघत होता. 'नणंदेचा भाऊ, पण नवरा नव्हे (२)'. तो बायकोनं पोळी लाटता लाटता सोडवला. मी नुसता क्लू वाचला, ती म्हणाली, "दीर. तुमचा धाकटा. पाण्याच्या दिवशी मोटर उसनी नेऊन परत न देणारा." क्लूमध्ये तेवढं नव्हतं.

राहिले तीन. चौदा आडवा, चौदा उभा आणि अठरा आडवा. चौदाचे दोन्ही एकाच घरातून सुटत होते, आणि अठरा आडव्याचं दुसरं घर म्हणजे चौदा उभ्याचं शेवटचं. तिघांची गाठ.

चौदा उभा : 'नाव घ्यायला निमित्त (३)'.

मी बेधडक लिहिलं, बारसे. बा, र, से. पेननं. डोकं चालवलंच नाही. नाव म्हटलं की बारसं, तीन अक्षरं, बसतंय.

मग अठरा आडवा : 'मराठी माणसाचा आडवा धागा (२)'. पहिलं घर बाराबंदीचं 'बा', दुसरं बारशाचं 'से'. बासे. बासे? असा शब्द मी कधी टाइप केलेला नाही, आणि मी काय काय टाइप केलंय ते मलाच माहीत. चौदा आडवा : 'सापाच्या विषावर, तलाठ्याच्या दप्तरात, मराठीच्या पेपरात (३)'. पहिलं घर बारशाचं 'बा', तिसरं रामजोशींचं 'रा'. बा-काहीतरी-रा. बावरा, बाजरा. सापाच्या विषावर बाजरा? गावाकडं काहीही लावतात म्हणा, पण तलाठ्याच्या दप्तरात?

सोमवारी दुकानात दोन पत्रिकांच्या मधल्या वेळात कागद उघडून बसलो. मंगळवारीही. मशीनवरचा पोरगा अक्कलकोटचा, घरात कानडी बोलणारा. तो म्हणाला, "बारा असेल की हो. सातबारातला बारा." अक्षरं दोनच, आणि साप कुठाय त्यात, असं म्हणून मी त्याला परत कटिंगला पाठवला. खरं तर तो पोरगा माझ्यापेक्षा उत्तराच्या जवळ होता. हे आज लिहितोय, त्याला अजून सांगितलेलं नाही.

अठरा आडव्यावर मी वेगळीच इमारत बांधून बसलो होतो. आडवा म्हणजे आडवा येणारा. मराठी माणसाला मराठी माणूस आडवा येतो, ही आपली जुनी तक्रार. म्हणजे हेवा, दावा, असलं काहीतरी. मग 'बा' चुकला का? बाराबंदीवर संशय घ्यायचा? तीन दिवस मी स्वतःच्या गावच्या अंगरख्यावर संशय घेतला, पण बारशावर नाही. पेननं लिहिलं होतं ना!

बुधवारी संध्याकाळी मामा आले.

मामा आमचे नात्यातले नव्हेत. गल्लीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात. पद्मशाली, घरात तेलुगू. चादरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं डिझाइन मास्तर होते. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सहाच्या सुमाराला येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसतात, अर्धा चहा घेतात, उरलेला पोराला देतात. मराठी चांगलं बोलतात, पण छापलेलं वाचायचा कंटाळा. कोड्याकडं त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी चौकटीकडं मात्र एकदम वाकून पाहिलं.

"हे काय, ग्राफ?"

त्यांच्यासाठी ती चौकट म्हणजे ग्राफ पेपरच. चादरीवरचं फूल आधी चौकोनी कागदावर काढायचं. कागदावरची प्रत्येक उभी ओळ म्हणजे एक उभा धागा, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक आडवा धागा. जिथं चौकोन भरला तिथं पुठ्ठ्याला भोक. जॅकार्डच्या मागावर एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा, अशी पुठ्ठ्यांची माळ असते. भोक आलं की उभा धागा वर उचलला जातो, आडवा त्याच्या खालून जातो. चौकोन भरायचा किंवा मोकळा ठेवायचा, यातच त्यांची पस्तीस वर्षं गेली.

मी म्हणालो, "मामा, शब्दांचं आहे हे. कोडं."

"काय अडलंय?"

मी सगळ्यात सोपा वाटणारा क्लू वाचून दाखवला. मराठी माणसाचा आडवा धागा.

"आडवा धागा म्हणजे पेका," मामा म्हणाले. "उभा तो पडुगू, आडवा पेका."

"ते तेलुगूत. मराठीत?"

"मराठीत तुमचं ते ताणा-बाणा की बे."

मी पेन खाली ठेवलं.

बाणा. मराठी बाणा. भाषणात, पोस्टरवर, टी-शर्टवर, कुठं कुठं छापलाय हा शब्द मी. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या पत्रकावर तो लाल रंगात, सावली देऊन, चाळीस पॉइंटमध्ये बसवला होता. आणि तोच बाणा मागावरचा आडवा धागाही असतो, हे ज्या गावात घरोघर माग खडखडत होते तिथं चोपन्न वर्षं राहून मला सुचलं नाही. 'आडवा' हा शब्द क्लूत अगदी सरळ अर्थानं होता. वाकडा मी घेतला.

पण दुसऱ्या घरात 'से' बसलेला. बाणाला 'णा' पाहिजे. मी म्हणालो, "मामा, जमत नाही, खाली दुसरं अक्षर आहे."

मामांनी विचारलं, "ते अक्षर कुठून आलं?"

"वरून. बारसे."

"मग वर बघ. कापडावर फूल जिथं मोडलेलं दिसतं तिथं शोधून भोक सापडत नाही. मागचे पुठ्ठे काढायचे. आमच्यात एक भोक चुकलं की नक्षी जितक्या वेळा येते तितक्या वेळा चूक येते. एकदा तीनशे चादरी गेल्या होत्या."

त्या तीनशे चादरींची गोष्ट त्यांनी पुढं वीस मिनिटं सांगितली. मालकाचं नाव, शिव्या, सगळं. ती इथं देत नाही.

मी मात्र 'नाव घ्यायला निमित्त' पुन्हा वाचलं, या वेळी एकेक शब्द सुटा करून. मराठीत नावाचं आपण काय काय करतो बघा. पोरगा शिकला की नाव काढतो, बिघडला की नाव घालवतो. हजेरीपटावर नाव लागतं, शाळा सोडली की नाव कमी होतं. शेजारी नावं ठेवतात. आणि बारशाला? बारशाला नाव ठेवतात. घेत नाहीत. नाव घेते ती नवी नवरी, चार बायकांनी आडवून धरलं की. तीन अक्षरं, शेवटी णा.

उखाणा.

क्रियापदातच सगळं होतं. 'नाव ठेवायला' असतं तर बारसे बरोबर होतं. असले क्लू सोडवताना नामाकडं बघून धावत सुटायचं नाही, क्रियापद काय म्हणतंय ते आधी ऐकायचं, हे मला आता ठाऊक झालंय. पुढच्या रविवारी विसरेन. आणि रचणाऱ्यानं यात आणखी एक कळ दाबून ठेवली होती. उखाण्याचा जुना अर्थच कोडं. आयाबाया पोरांना उखाणे घालायच्या ते कोडीच असायची. म्हणजे कोड्यात मी जे कोडं सोडवत होतो त्याचं उत्तर 'कोडं' असं होतं. पोऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडं नाव घेतात त्याला ओडपू म्हणतात. मामा म्हणाले, आमच्यात कोड्याला पोडुपुकथा. दोन्ही शब्द मी कागदाच्या कडेला लिहून ठेवलेत, कधी तरी उपयोग होईल.

मग व्हाइटनर काढला. हे अपमानास्पद आहे, पण काढला. 'बारसे' पुसलं, वाळेपर्यंत फुंकर मारली, 'उखाणा' लिहिलं. आणि चौदा आडव्याच्या पहिल्या घरात 'बा'च्या जागी 'उ' आला. उ-काहीतरी-रा.

उतारा!

हा क्लू मी फ्रेम करून लावावा असा आहे. सापाच्या विषावर उतारा देतात. तलाठ्याच्या दप्तरात उतारा असतो, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो सातबाराचा. मराठीच्या पेपरात उतारा येतो, 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा'. मी 'पेपर' म्हणजे वर्तमानपत्र धरून बसलो होतो, तो परीक्षेचा निघाला. शिवाय अमावास्येला चौकात लिंबू-भाकरी ठेवतात तोही उताराच, तो रचणाऱ्यानं घेतला नाही. बहुतेक जागा नसेल. तीन अर्थ एका ओळीत, एकही शब्द वाया नाही. माझ्याकडं पत्रिकेचा मजकूर घेऊन येणारे लोक असा लिहितील तर मी पैसे घेणार नाही.

आणि तो पोरगा. 'सातबारातला बारा' म्हणाला होता. सातबाराचा काय, एवढं मी त्याला विचारलं असतं तर मंगळवारीच सुटलं असतं.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी एक सांगायचं राहिलं. शब्दकोडं वर्तमानपत्रात पहिल्यांदा आलं ते २१ डिसेंबर १९१३ ला, 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये. आर्थर विन नावाच्या माणसानं ते केलं. आकार आपल्या शंकरपाळ्यासारखा होता आणि नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छापताना शब्द उलटसुलट झाले आणि 'क्रॉस-वर्ड' पडलं, ते तसंच राहिलं असं सांगतात. म्हणजे कंपोझिंगची चूक शंभर वर्षं टिकली. आमच्या चुका पार्टी लग्नाच्या आदल्या दिवशी परत आणून टेबलावर आपटते.

आता तो 'व'.

पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं. मी आधी उजवा कोपरा पाहिला. उतारा, उखाणा, बाणा. छान. मग वर डावीकडं पाहिलं. एक आडवा : रवि. पहिली वेलांटी.

माझं डोकं फिरलं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो दीर्घ. कवी, रवी, गुरू. संस्कृतातून आलेला शब्द समासात पुढं गेला की त्याचा मूळचा ऱ्हस्व परत येतो. कविसंमेलन, गुरुदक्षिणा. म्हणून रविवारातला रवि पहिला आणि एकटा असला की रवी दुसरा. सूर्याच्या बाबतीत एक वेळ कुणी म्हणेल की बाबा, संस्कृतात तो ऱ्हस्वच आहे, जुन्या वळणानं लिहिला. ठीक. पण क्लूत ताक आहे! ताक घुसळायच्या रवीला संस्कृतची आड घेता येत नाही. ती फळीवर खिळ्याला टांगलेली आपली साधी दुसऱ्या वेलांटीची रवी. विहीर बसवायची म्हणून रचणाऱ्यानं आजीची रवी आखूड केली.

हे सगळं मी मामांना ऐकवलं, चांगला अर्धा तास. माझा मुद्दा त्यांना पटला की नाही माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ही पहिली नि दुसरी, बोलताना वेगळी वाटते का?" मी दोनदा म्हणून दाखवलं. रवि. रवी. दोन्ही सारखेच आले. मग मी म्हणालो, तसं नसतं ते, लिहिताना वेगळं असतं. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, दुसरी नंतर. माझी बोटं अजून तशीच चालतात. माझ्या कानाला फरक कळत नसेल, पण बोटांना कळतो, डावी-उजवी इतका. मामा 'हं' म्हणाले. संपादकांना पत्र लिहायचं मी ठरवलं, मनात मसुदाही झाला. 'महोदय, आपल्या लोकप्रिय दैनिकातील...' इथपर्यंत.

सोमवारी एक पार्टी प्रूफ बघायला आली. तीनशे पत्रिका, मराठीत एक बाजू, कानडीत एक. मुलाचे वडील चष्मा काढून, कागद नाकाजवळ धरून एकेक ओळ वाचत होते. असा माणूस आला की मला बरं वाटतं. नवऱ्या मुलाच्या नावापाशी ते थांबले. माझ्याकडचा लाल पेन घेऊन त्यांनी 'चि. रवी'मधल्या 'वी'भोवती गोल केला.

"ही पहिली पाहिजे. आमचा रवि पहिला आहे."

मी तोंड उघडलं. काचेखालच्या नियमांवर बोटही ठेवलं. म्हणालो, "साहेब, नियमानं शेवटचं अक्षर..."

"शाळेच्या दाखल्यावर पहिली, आधारवर पहिली, पासपोर्टचं काम चाललंय. नियमानं लग्न लावायचंय का पोराचं?"

मी खुर्ची पुढं ओढली. वी पुसला. बोट सवयीनं आधी वेलांटीवर गेलं, मग 'व'वर. रवि. प्रिंट काढून त्यांच्या पुढं ठेवली, त्यांनी सही केली, अर्धे पैसे दिले आणि गेले.

पंख्याखालून मामांचा आवाज आला, "घे. विहीर बसली की बे."